ब्रॉडमेडोजला भेटायला जाताना

हे मेलबर्नच्या मराठी माणसांसाठी लिहिते आहे. टारनीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या भागात आपली इतकी घरं झाली आहेत की गणपतीच्या आरतीला भाड्याचा हॉल पुरत नाही. तिथून गाडीने निघालं की तासाभरात ब्रॉडमेडोज येतं. तिथल्या कॅम्प रोडवर इमिग्रेशन डिटेन्शन सेंटर आहे. सगळे त्याला मीटा म्हणतात. मी गेली काही वर्षं तिथे भेटीला जाते. मूळची कोल्हापूरची, नोकरी अकाउंट्सची. वकिलीचं किंवा समाजकार्याचं शिक्षण नाही. "तिथे जाऊन नेमकं करतेस काय, आणि आम्हाला जमेल का?" असं मंडळातल्या बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी स्वतःशी एक ठरवा: महिन्यातून किती वेळ नक्की देता येईल? एक रविवार जमणार असेल तर एकच सांगा, पण तो पाळा. आतल्या माणसाचे दिवस दुसऱ्यांच्या निर्णयाची वाट बघण्यात जातात. तुमची भेट ही त्याच्या आठवड्यातली एकच ठरलेली गोष्ट असू शकते. दहा जणांनी उत्साहाने एकदा जायचं आणि पुढे कोणी फिरकायचं नाही, यापेक्षा न गेलेलं बरं. येईन म्हटलं तर जायचंच, आणि जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. बाकीचं सगळं शिकता येतं.

आधी थोडा कायदा

बोटीने आलेल्यांना सक्तीने कोंडून ठेवण्याचा कायदा ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये आला. सुरुवातीला त्याला २७३ दिवसांची मर्यादा होती. १९९४ मध्ये ती गेली आणि व्हिसा नसलेल्या प्रत्येकाला तो लागू झाला. २००४ मध्ये राष्ट्रीयत्व नसलेल्या एका पॅलेस्टिनी माणसाच्या खटल्यात हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) बेमुदत स्थानबद्धता वैध ठरवली. जवळजवळ वीस वर्षं तो निकाल टिकला. ८ नोव्हेंबर २०२३ ला एका राष्ट्रीयत्वहीन रोहिंग्या माणसाच्या खटल्यात त्याच कोर्टाने तो फिरवला: ज्याला नजीकच्या काळात कुठल्याही देशात पाठवणं प्रत्यक्षात शक्य नाही, त्याला डांबून ठेवता येणार नाही. त्यानंतर शंभराहून अधिक लोक सुटले. पण ज्याला परत पाठवण्याची शक्यता कागदावर उरलेली आहे, तो आतच राहतो.

दुसरी लक्षात ठेवायची तारीख १९ जुलै २०१३. बोटीने आलेल्या कोणालाही यापुढे ऑस्ट्रेलियात कायमचं राहू देणार नाही, असं त्या दिवशी सरकारने जाहीर केलं आणि माणसं नाऊरूला किंवा पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर पाठवली जाऊ लागली. त्यातले काही २०१९ च्या मेडिव्हॅक कायद्याखाली उपचारांसाठी इथे आणले गेले. तो कायदा त्याच वर्षी डिसेंबरात रद्द झाला आणि आणलेली माणसं हॉटेलांच्या खोल्यांत अडकली. कार्लटनच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरचं पार्क हॉटेल तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०२२ मध्ये जोकोविचला तिथे ठेवलं, तेव्हा जगभरचे कॅमेरे आले. निर्वासित त्याच्या आधी वर्षभर तिथेच होते. उघडता न येणाऱ्या काचांमागून ते हात हलवायचे.

मीटात सगळेच आश्रयार्थी नसतात. शिक्षा भोगून झाल्यावर व्हिसा रद्द झालेलेही असतात. कोण कशासाठी आत आहे हे विचारायचं नाही.

मंडळात हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपण पॉइंट्स जमवून, इंग्रजीची परीक्षा देऊन आलो, हे रांग मोडून आले." चिडू नका, उत्तर द्या. आश्रय मागणं गुन्हा नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर ऑस्ट्रेलियाची सही आहे, आणि जिवाच्या भीतीने आलेल्याला बेकायदा प्रवेशाची शिक्षा देऊ नये असं त्याच करारात लिहिलं आहे. आपला कौशल्याचा व्हिसा आणि मानवतावादी व्हिसा यांचे कोटे वेगळे आहेत. त्यांच्यामुळे आपल्या कोणाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लांबलेला नाही. कोल्हापूरकर असाल तर वळिवड्याची आठवण करून द्या. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले, तेच आजचं गांधीनगर. माझ्या माहेरी कापड घ्यायला आम्ही तिथेच जायचो. निर्वासितांच्या छावणीशेजारी गाव कसं राहतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

भेटीची तयारी

ओळख नसताना थेट अर्ज करता येत नाही. अर्जात आतल्या माणसाचं नाव लागतं आणि त्याची संमती लागते. म्हणून आधी भेटी देणाऱ्या एखाद्या जुन्या गटाशी बोला. मेलबर्नमध्ये ब्रिजिडाइन असायलम सीकर्स प्रोजेक्ट २००१ पासून हे काम करतं. फुट्सक्रेचं असायलम सीकर रिसोर्स सेंटरही त्याच वर्षीचं. कोणाला भेट हवी आहे, कोणाला नको, हे त्यांना कळतं. पहिल्या एक-दोन वेळा अनुभवी माणसाबरोबर जा.

अर्ज बॉर्डर फोर्सच्या संकेतस्थळावर भरायचा. आठवडाभर आधी भरा, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि सुट्ट्या आल्या की आणखी. पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. आपल्यात हा घोळ फार होतो: लायसन्सवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नाही, लग्नानंतरचं आडनाव तिसरीकडे. अर्जातलं नाव आणि दारात दाखवाल त्या ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे.

दारात फोन, पर्स, स्मार्ट घड्याळ लॉकरमध्ये ठेवावं लागतं. अमली पदार्थांचे कण शोधण्यासाठी हातावर, कपड्यांवर पट्टी फिरवतात. ही चाचणी कधीकधी निरपराध माणसालाही अडवते. तसं झालं तर तिथे आवाज चढवू नका. कारण लेखी मागा, तारीख-वेळ टिपून ठेवा, आणि ज्या गटामार्फत गेलात त्यांना कळवा. तुमच्या भांडणाचा त्रास शेवटी आतल्या माणसाला होतो.

खाण्याचं सांगते, कारण आपला जीव तिथेच अडकतो. घरी केलेलं काही नेता येत नाही. कारखान्यात सीलबंद झालेलं, लेबल असलेलं, एक्स्पायरीची तारीख स्पष्ट दिसणारं एवढंच. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून दर वेळी अर्जाच्या पानावर वाचून घ्या. संक्रांतीला तिळाच्या वड्या करून नेल्या तर त्या दारातून परत येतील. भारतीय दुकानातली पाकीटबंद चिक्की न्या. इराणी आणि अफगाण माणसांना पिस्ते, सुकी अंजिरं, चांगला चहा आवडतो. तमिळ माणसाला केळ्याचे वेफर्स. पण आधी विचारा. रमजान चालू असेल तर भेटीची वेळ आणि खाणं दोन्ही त्याच्या सोयीने ठरवा.

काय बोलायचं

"तुम्ही इथे कसे आलात?" हा प्रश्न विचारू नका. त्या माणसाने आपली कहाणी अधिकाऱ्यांना, वकिलांना, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगितलेली असते, आणि एखादी तारीख मागेपुढे झाली म्हणून खोटारडा ठरण्याची भीती त्याच्या मनात असते. त्याला सांगायची असेल तेव्हा तो सांगेल. तुम्ही क्रिकेट काढा. हजारा (अफगाणिस्तानातला अल्पसंख्याक समाज), तमिळ, रोहिंग्या, पाकिस्तानी, सगळ्यांशी गाडी तिथून सुटते. क्वेट्ट्यात राहिलेल्या बऱ्याच हजारा लोकांना उर्दू येतं, अनेक रोहिंग्यांना सिनेमामुळे हिंदी कळतं. म्हणजे इथल्या बहुतेक गोऱ्या स्वयंसेवकांना जे जमत नाही ते तुम्हाला पहिल्याच दिवशी जमतं: दुभाषाशिवाय गप्पा. मला हे आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं बळ वाटतं आणि ते फुकट जातंय याचं वाईट वाटतं.

मात्र याच बळाची एक मर्यादा आहे. डॉक्टर किंवा वकिलाशी बोलताना तुम्ही दुभाषी होऊ नका. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर केस बिघडते. त्यासाठी सरकारी दुभाषी सेवा आहे, टीआयएस नॅशनल, फोन १३१ ४५०. आणि व्हिसाचा सल्ला तर मुळीच देऊ नका. आपण प्रत्येकाने स्वतःचा पीआर स्वतः केलेला असतो, फॉर्मचे नंबर तोंडपाठ असतात, त्यामुळे मोह होतो. पण नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील नसताना असा सल्ला देणं इथे बेकायदा आहे. त्याहून गंभीर म्हणजे चुकीच्या अर्जाने माणसाचा शेवटचा मार्ग बंद होऊ शकतो. रेफ्युजी लीगल किंवा असायलम सीकर रिसोर्स सेंटरच्या वकिलांचा नंबर द्या आणि थांबा.

"सगळं ठीक होईल" म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. "पुढच्या रविवारी दोन वाजता येते" एवढं म्हणा.

कोणी जगण्यात अर्थ नाही असं बोललं तर विषय बदलू नका. जिवाचं काही करायचा विचार आहे का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. मग हे गुपित एकट्याने पोटात ठेवू नका. आतल्या आरोग्यसेवेला आणि त्याच्या वकिलाला कळवायला हवं असं त्यालाच सांगा आणि कळवा. धोका त्याच क्षणी असेल तर ०००. आणि अशा भेटीनंतर स्वतः कोणाशी तरी बोला. लाइफलाइनचा नंबर १३ ११ १४ तुमच्यासाठीही आहे.

फोटो, नाव, देश, केस यातलं काहीही त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा टाकू नका. त्याचे आईवडील, भावंडं अजून तिकडे आहेत.

खासदाराला पत्र

इमिग्रेशनमंत्र्यांना कायद्याने वैयक्तिक अधिकार आहेत. मायग्रेशन अ‍ॅक्टच्या कलम १९५ए खाली ते डिटेन्शनमधल्या माणसाला व्हिसा देऊ शकतात, १९७एबी खाली सेंटरबाहेर घरात राहू देऊ शकतात. वापरलाच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही, आणि म्हणूनच बाहेरच्या लोकांच्या पत्रांना किंमत आहे.

पत्र एका पानाचं. पहिल्या ओळीत "मी तुमच्या मतदारसंघात राहते" आणि पत्ता. तयार मजकूर उतरवू नका, कार्यालयात असले मजकूर एका गठ्ठ्यात मोजले जातात. तुम्ही कोण, काय काम करता, तुम्हाला हे का लागलं ते लिहा. एकच मागणी लिहा, आणि शेवटी उत्तर द्यावं लागेल असा एक प्रश्न: "या माणसाच्या विनंतीबद्दल तुम्ही मंत्र्यांशी बोलाल का?" एखाद्याची केस लिहायची असेल तर आधी त्याची आणि त्याच्या वकिलाची परवानगी. नागरिकत्व नसेल तरी लिहा, खासदार मतदारसंघातल्या सगळ्या रहिवाशांचा असतो. उत्तर ठरावीक साच्याचं आलं तर त्याच उत्तराला उत्तर पाठवा आणि भेटीची वेळ मागा. भेटीला तीन-चार जणच जा. त्यात एक नर्स असेल, एक दुकानदार असेल, एखादी आजी असेल तर फार चांगलं. आज्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. मुलांच्या डिटेन्शनविरुद्ध इथल्या आज्यांनी २०१४ मध्ये स्वतःची संघटनाच काढली आणि त्या खासदारांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

रस्त्यावर उभं राहणं

बिलोएलाचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. क्वीन्सलँडमधलं सुमारे सहा हजार वस्तीचं गाव. एक तमिळ जोडपं तिथे राहायचं, वडील मांसाच्या कारखान्यात कामाला, दोन मुली क्वीन्सलँडमध्येच जन्मलेल्या. मार्च २०१८ मध्ये पहाटे अधिकारी आले आणि चौघांना मेलबर्नला, याच ब्रॉडमेडोजला घेऊन आले. गावातल्या मैत्रिणींनी मोहीम काढली. त्यांना राजकारणाचा अनुभव नव्हता. मागणी एका वाक्याची होती: त्यांना बिलोला घरी आणा. ती चार वर्षं बदलली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये रात्री त्यांना श्रीलंकेच्या विमानात बसवलं, तेव्हा मेलबर्न विमानतळावर माणसं धावली, वकिलांनी न्यायाधीशांकडून फोनवर मनाईहुकूम मिळवला आणि विमान डार्विनला उतरलं. मग ख्रिसमस बेट. २०२१ मध्ये धाकटी मुलगी गंभीर आजारी पडून पर्थच्या इस्पितळात आली. लाखो लोकांच्या सह्या जमल्या. जून २०२२ मध्ये कुटुंब गावी परतलं.

यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. मागणी एकच ठेवा आणि ती शेजाऱ्याला समजेल अशी ठेवा. बोलायला ओळखीची, साधी माणसं पुढे करा. आणि फोनची साखळी आधीच तयार ठेवा: कोणाला हलवताहेत असं रात्री कळलं तर पहिला फोन वकिलाला, दुसरा गटाच्या दोन प्रमुखांना, मग ते पुढे कळवतील. सगळ्यांनी सगळ्यांना फोन लावले तर वकिलाचा फोन लागत नाही.

मेलबर्नमध्ये दर वर्षी पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, स्टेट लायब्ररीपाशी निर्वासितांसाठी मोठा मोर्चा निघतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना तो सोपा जातो: दुपारची वेळ, मुलंबाळं, आजीआजोबा, शांतपणे चालणं. मराठीत लिहिलेला फलक जरूर आणा. तात्पुरत्या व्हिसावर असाल आणि मनात धाकधूक असेल तर आधी वकिलाला विचारा, किंवा मोर्चा सोडून धान्याचं काम घ्या. कोणाला भीड घालून मोर्चाला नेऊ नका.

पैसे आणि धान्य

हे माझं क्षेत्र, म्हणून थोडक्यात पण ठामपणे. वर्गणी स्वतःच्या खात्यात गोळा करायची नाही. नोंदणीकृत संस्थेला थेट द्यायची, आणि ती संस्था सरकारी चॅरिटी रजिस्टरवर आहे का ते आधी पाहायचं. पावती घ्या, संस्थेला करसवलतीची मान्यता असेल तर करात सूट मिळते. आतल्या माणसाला उसने पैसे देऊ नका, घेऊ नका. फुट्सक्रेच्या सेंटरमध्ये आश्रयार्थींसाठी मोफत वाणसामानाचं दुकान चालतं. तिथे तांदूळ, डाळी, छोले, तेल लागतं. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या प्रवेशद्वाराशी एक टेबल मांडा आणि माणशी एक पाकीट मागा. त्यांना सध्या काय कमी पडतंय ते आठवडाभर आधी फोन करून विचारा.

सुटका झाली की

सुटका अचानक होते. कधीकधी सकाळी कळतं आणि दुपारी माणूस पिशवी घेऊन दाराबाहेर असतो. तेव्हा मंडळाची खरी ताकद लागते, कारण नवीन आलेल्या मराठी कुटुंबासाठी आपण जे करतो तेच करायचं असतं. एखादी खोली. पहिल्या महिन्याचं भाडं. ट्रेन-बसचं मायकी कार्ड भरलेलं, हिवाळ्याचं जॅकेट, सिम. बँकेत खातं उघडायला सोबत, मेडिकेअरच्या रांगेत सोबत. ब्रिजिंग (तात्पुरत्या) व्हिसावर काम करायची परवानगी आहे का ते कागदावर वाचा, सगळ्यांना नसते. असेल तर कोणाच्या ओळखीने गोदामात, किचनमध्ये काम मिळतं का पाहा, आणि पगार कायद्याप्रमाणे मिळतोय ना, याकडे लक्ष ठेवा. गाडी शिकवणारं कोणी असेल तर त्याच्याइतका उपयोगी माणूस नाही.

पहिल्या आठवड्यात त्याला कार्यक्रमाला बोलावून स्टेजवर उभं करू नका. जेवायला बोलवा. बरीच वर्षं कुंपणात राहिलेल्याला गर्दी, सुपरमार्केट, दार स्वतः उघडणं, याचाही त्रास होतो. तो फोन उचलेनासा झाला तरी राग धरू नका, महिन्याने पुन्हा करा.

दुसरीकडे हलवलं तर

हे वारंवार होतं. ओळख जमते आणि एका सकाळी कळतं की माणूस पश्चिम ऑस्ट्रेलियात योंगा हिलच्या डिटेन्शन सेंटरला नेला. म्हणून सुरुवातीलाच त्याच्या संमतीने तीन गोष्टी लिहून ठेवा: वकिलाचा नंबर, मायदेशातल्या एका नातेवाइकाचा नंबर, आणि तो रोज घेतो त्या औषधांची नावं. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती वकिलाकडे असू द्या. फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. सेंटरमधले फोन काढून घेण्याचा अधिकार देणारा कायदा २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाला आहे. कागदावरची पत्रं आजही पोचतात.

योंगा हिल नॉर्दम गावाजवळ आहे, पर्थपासून सुमारे १०० किलोमीटर. मेलबर्नहून तिथे नेलेल्यांना भेटायला तिकडे ओळखीचं कोणी नसतं. पर्थमध्ये राहणारे, गाडी असलेले, हिंदी-उर्दू बोलणारे कोणी हे वाचत असाल तर महिन्यातला एक शनिवार मोकळा ठेवता येईल का, ते घरात बोलून पाहा. येईल असं ठरलं तर तिथल्या भेटी देणाऱ्या गटाला कळवा आणि पहिल्या अर्जावर पासपोर्टवरचं नाव नीट लिहा.